कार्तिकातला चाटू

कार्तिक लागला की आमच्या सोसायटीत पहाटे पाचलाच नळ वाजायला लागतात. गार पाण्यानं आंघोळ करून बायका ओल्या केसांनी खाली उतरतात आणि तुळशीपाशी दिवे लावतात. कुकटपल्लीत नदी कुठून आणायची, म्हणून निळ्या प्लास्टिकच्या टबात पाणी भरून त्यातच केळीच्या सोपटावरचे दिवे सोडतात. मी सहाव्या मजल्यावरून बघत असते. मेट्रोच्या खांबाखाली सीताफळांच्या पाट्या येऊन बसतात, पंख्याचा आकडा पाचावरून दोनावर येतो, आणि माझे हात शिवशिवायला लागतात. मग मी माळ्यावरून वाकस काढते.

वाकस म्हणजे सुताराचं ते आडव्या पात्याचं हत्यार, कुदळीच्या धाकट्या बहिणीसारखं. साठीच्या बाईच्या घरात ते काय करतंय, असं पहिल्यांदा येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता सांगतात, "चमचे करते." सांगण्याचा सूर असा, की बाईला शुगर आहे, जपून राहा.

तर मी चमचे करते. घरातले नाही, घरात स्टीलचे पुष्कळ आहेत. मी करते ते उघड्यावरचे. तीन दगडांवर पातेलं ठेवून, डोळ्यांत धूर जात असताना ढवळायचे, मग दगडावर आपटायचे, दवात विसरायचे आणि पुढच्या वर्षी तिथूनच उचलायचे. आमच्या गावाकडे, देगलूरच्या बाजूला, असा एक चाटू बांधावरच्या बाभळीला वर्षभर टांगलेला असायचा. आंबील ढवळायला तोच. पावसात भिजायचा, वैशाखात भाजायचा, पण तडकला नाही. तो मारुतीमामांनी केला होता. मामा नात्यानं नव्हते, गावाचे सुतार होते. तिफण नि वखर भरण्यातून वेळ उरला की चाटू करायचे, आणि मी नऊ-दहा वर्षांची त्यांच्या पुढ्यात ढलप्या गोळा करत बसायची. पोरीच्या जातीला वाकस कशाला, असं माझी आत्या म्हणायची. मामा काही म्हणायचे नाहीत, फक्त वाकस माझ्या हाताशी येईल असा ठेवायचे.

त्यांच्याकडून उचललेलं सगळं अजून हातात आहे. लाकूड ओलं असताना कापायचं, वाळल्यावर ते कुणाचं ऐकत नाही. ओंडका करवतीनं चिरायचा नाही, फोडायचा, म्हणजे त्याच्या रेषा कुठून कुठं जातात ते तोच सांगतो. मधला गाभा काढून टाकायचा. गाभा घेतला की तडा ठरलेला, आज नाही तर शिमग्याला. मान जाड ठेवायची, दिसायला नाजूक चमचा लग्नाच्या रुखवतात ठेवावा. अर्धवट झालेला चमचा त्याच्याच ढलप्यांत गुंडाळून गोणपाटात झाकून ठेवायचा, म्हणजे सावकाश वाळतो. शेवटी जवसाचं तेल आणि तीन दिवस ऊन. तिळाचं नाही, तिळाचं चिकट राहतं आणि वास मारतं. जवसाचं तेल लाकडात जाऊन बसतं. मला हे तेल दिलसुखनगरच्या एका घाण्यावर मिळतं, आणि त्यासाठी मी मेट्रोनं शहराच्या दुसऱ्या टोकाला जाते. ह्यांच्या मते त्या वेळात माणूस गावाकडे जाऊन जवस पेरून येईल.

आमच्याकडं कार्तिकात आवळीभोजन असतं, आवळ्याच्या झाडाखाली बसून जेवायचं. इकडं त्यालाच वनभोजनम म्हणतात आणि आमच्यापेक्षा फार थाटानं करतात. बसगाड्या ठरवतात, पातेली बांधतात, अंताक्षरी खेळतात. काल सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला की रविवारी जायचं, कुसुम आंटींनी, म्हणजे मी, लाकडाचे चमचे आणावेत. वाचलं आणि मी गॅलरीत नुसतीच बसून राहिले. दोन वर्षांपूर्वीही अगदी हाच निरोप होता.

त्या वर्षी आमची सून सौजन्या सहाव्या महिन्यात होती. ती वरंगळची, तेलुगू. माझा निखिल आणि ती एकाच कंपनीत. लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि त्या सहा वर्षांत दोनदा आशा लागून दोनदा गेली होती. दुसऱ्या वेळी ती आठ दिवस कुणाशी बोलली नव्हती. म्हणून ह्या वेळी घरात सगळे पायांत कापूस घालून चालत होते. पाचवा संपला तेव्हा कुठं डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आता हिंडूफिरू द्या. तिचं पहिलं मागणं वनभोजनाला जाण्याचं. आणि मी ठरवलं की तिच्यासाठी ह्या वर्षीचा चाटू जन्मभर टिकेल असा करायचा.

पाऊस सरला की सोसायटीत झाडांची छाटणी होते. फांद्या तारांना लागतात म्हणून. ओलं लाकूड मिळण्याची माझी ती एकच पर्वणी. यादगिरी माळ्याला मी सांगून ठेवलं होतं की मागच्या गेटजवळच्या जामाची चांगली मनगटाएवढी फांदी बाजूला काढ. जाम म्हणजे पेरू, आमच्याकडं जामच म्हणतात आणि इकडंही. जामाचं लाकूड चिवट, वास नाही, खाण्याला चव लावत नाही. छाटणीनंतर दोन दिवसांनी संध्याकाळी मी खाली गेले. ढिगातला पाला कुणीतरी शेळ्यांना नेला होता, उरल्या होत्या नुसत्या काठ्या. त्यातली सरळ, मनगटाएवढी बघून उचलली आणि वर आणली.

आता खरं सांगते. तेव्हा माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. संध्याकाळी समोरच्याचा चेहरासुद्धा अदमासानं ओळखायची. पण हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर पहिला वाकस गेला असता. आणि सौजन्यानं मला हात कापू नये म्हणून जाड हातमोजे आणून दिले होते, तेही आज्ञाधारक सासूसारखे घातले होते. म्हणजे डोळ्यांना दिसत नव्हतं आणि हातांना कळत नव्हतं. तरी चाटू असा उतरला की मलाच माझा हेवा वाटला. हातभर लांब दांडा, ओंजळीएवढा खोल वाडगा, मान अशी की बैलानं पाय दिला तरी मोडू नये. फोडलेल्या ओंडक्याचा दुसरा अर्धा भाग मी ओल्या गोणपाटात गुंडाळून युटिलिटीत वॉशिंग मशीनच्या मागं ठेवला. पुढं कधी उलथनं करायला.

शंकरपल्लीच्या पुढं आंब्याची एक बाग आहे, तिच्या कडेला दोन जुने आवळे. तिथं आम्ही चाळीसएक जण उतरलो. आमचे हे आले नाहीत. उघड्यावर मुंग्यांनी जेवावं, माणसांनी नाही, असं त्यांचं मत, शिवाय गुडघा. खाली कोवळं ऊन, वर आवळे लटकलेले, चुलीचा धूर सरळ वर जात होता. खिचडी शिजली, चिंच-तिळाचा खट्टा झाला. दोन्ही माझ्याच चाटूनं ढवळले गेले. खिचडीत तर तो तासभर उभा होता. पोटुशी बाई म्हणून पहिलं पान सौजन्याला वाढलं. "अत्तम्मा, मस्त झालंय," म्हणत ती मांडी घालून दोनदा जेवली. सहा वर्षांत तिला एवढं जेवताना मी पाहिलं नव्हतं. मी इतकी फुगले होते की मला कुणी टाचणी लावायला हवी होती.

टाचणी सुगुणम्मांनी लावली. सुगुणम्मा चौथ्या मजल्यावरच्या, मेदकच्या खेड्यात वाढलेल्या, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. चाटू धुवायला त्यांनी उचलला, उलटसुलट केला, आणि सहज विचारलं, "किस झाड की लकडी है, अम्मा?"

मी ऐटीत सांगितलं, जामाची, मागच्या गेटच्या ढिगातली.

त्यांनी चाटू उजेडाकडं धरला. "उधर तो गन्नेरु भी काटे थे ना उस रोज?"

गन्नेरु म्हणजे कण्हेर. मागच्या भिंतीला लागून पिवळ्या कण्हेरीची अख्खी रांग आहे. पिवळी घंटेसारखी फुलं येतात ती. गावाकडं आम्हाला चालायला यायच्या आधी शिकवलेलं असतं की कण्हेरीला हात लावून तोंडात घालायचा नाही. तिच्या काडीनं दात घासले तरी माणूस जातो, हे ऐकत मी मोठी झाले. जनावरं तिला तोंड लावत नाहीत. आणि मी, सुताराच्या पुढ्यात वाढलेली शहाणी, संध्याकाळच्या अंधुक उजेडात ढिगातली बिनपाल्याची काठी उचलून आणली होती.

घटकाभरापूर्वी मला कुणी शपथेवर विचारलं असतं तरी मी जाम म्हणाले असते. पण खात्री ही अशी गोष्ट आहे की कुणी विचारेपर्यंतच टिकते. सालीवर जामाचे ते ठिपके होते का? नीट दिसलं नव्हतं. कापताना पांढरा चीक आला होता का? कण्हेरीचा चीक दुधासारखा येतो. पण हातात मोजे होते. मोजे चिकट झाले होते का? घामानं झाले असतील, चिकानं झाले असतील. माझ्या पाचावर धारण बसली. तोंडाला कोरड पडली, आणि लगेच वाटलं की ही कोरड विषाचीच.

तेवढ्यात सौजन्या रिकामी ताटली घेऊन आली. तिला अजून थोडी खिचडी हवी होती. मी तिच्या हातातून ताटली ओढून घेतली. ओढूनच, दुसरा शब्द नाही. म्हणाले, बास झालं आता. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की ते अजून मला टोचतं. चारचौघांत सासूनं खाताना हात धरला. ती जाऊन आवळ्याच्या बुंध्याशी बसली आणि पोटावर हात ठेवून जमिनीकडं बघत राहिली.

यादगिरीला फोन लावला तर बंद. मग घरी लावला. दहाव्यांदा वाजल्यावर ह्यांनी उचलला. मी बागेच्या कुंपणापाशी जाऊन, तोंडाला पदर लावून सगळं सांगितलं. युटिलिटीत मशीनच्या मागं गोणपाटात लाकूड आहे, ते अजून ओलं आहे, सुरीनं आडवं कापा. पांढरा चीक आला तर कण्हेर. लगेच सांगा.

मग त्यांनी एकच विचारलं, "सौजन्यानं खाल्लं?"

"दोनदा," मी म्हणाले.

फोन बंद झाला.

ह्या माणसाला एकेचाळीस वर्षांत समोरच्या फडताळातला साखरेचा डबा सापडलेला नाही. मी तिथं उभी राहून मनात त्यांना एकेक पाऊल चालवत होते. आता उठले असतील, गुडघा धरला असेल, आता युटिलिटीचं दार, ते फुगलंय, उचलून ढकलावं लागतं, हे सांगायचं राहिलं. मागं निखिल पोरांना घेऊन क्रिकेट खेळत होता. कुणी हसलं तरी मी वळून बघायची. एक बाई चटईवर आडवी झाली, जेवणानंतर झोप येते म्हणून. मला वाटलं, गेली. दर मिनिटाला सौजन्याकडं बघायची. तिला घाम येतोय का, मळमळतंय का.

सुगुणम्मा माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. सगळ्यांना आत्ताच सांगायला हवं, असं त्या म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. बस उभी होती, दवाखाना अर्ध्या तासावर होता. मी म्हटलं, पाच मिनिटं द्या, फोन येऊ दे. हे मी आता दोन वर्षांनी लिहिते आहे म्हणून लिहिता येतंय. ती पाच मिनिटं मी माझी अब्रू वाचवत होते. चाळीस माणसं, सून, तिच्या पोटातलं बाळ, हे सगळं एका बाजूला, आणि कुसुम आंटीचा चमचा दुसऱ्या बाजूला. मला तेव्हाही ते कळत होतं आणि तरी मी पाच मिनिटं मागितली. देवाला म्हणाले, ह्या वेळेला सोड. वाकस विहिरीत टाकते, डोळ्यांचं ऑपरेशन करून घेते, आयुष्यात सुनेला उलट बोलणार नाही. देवाशी सौदा करताना माणूस काहीही कबूल करतो.

तिसऱ्या मिनिटाला मला राहवेना. मी निखिलला हाक मारायला तोंड उघडलं, आणि फोन वाजला.

"चीक नाही. जाम आहे."

"नक्की?"

"नक्की. जामच आहे."

जीव भांड्यात पडतो म्हणतात ना, तो पडताना आवाजसुद्धा होतो, मी ऐकला. मी तिथंच कुंपणाच्या दगडावर बसले. सुगुणम्मांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ऊन तेच होतं, पोरं तशीच ओरडत होती, धूर तसाच वर चालला होता, आणि मला ते सगळं आत्ताच धुऊन वाळत घातल्यासारखं दिसत होतं. मी रडले. पदर डोळ्यांना लावला तर पदराला चुलीचा वास, तोसुद्धा गोड वाटला.

मग मी ताटली भरून घेतली आणि सौजन्यापाशी गेले. तिच्यापुढं मांडी घालून बसले आणि सगळं सांगितलं, मोतीबिंदूसकट. ती ऐकत होती. मला वाटलं चिडेल, चिडायला हवंच होतं. तिनं ताटली घेतली, एक घास खाल्ला, आणि म्हणाली, "मला वाटलं, मी जास्त खाते म्हणून तुम्हाला राग आला." मग तिचे डोळे भरले. "सांगायचं ना, अत्तम्मा. एकट्यानं कशाला घाबरायचं?" मी म्हटलं, चुकलं गं बाई. सासूनं सुनेला हे म्हटलेलं आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नसेल. ती हसली आणि तिनं ती ताटलीही संपवली.

दुसऱ्या दिवशी यादगिरी सांगत आला की कण्हेर त्यानं छाटल्या दिवशीच गाडीत भरून पाठवली होती, गुरांनी चुकून खाऊ नये म्हणून. जामाच्या काठ्या तेवढ्या माझ्यासाठी मागं ठेवल्या होत्या. फोन का बंद होता, तर चार्जिंग नव्हतं. मी त्याला चहा दिला आणि दोन लाडू दिले. त्याला कशाचे ते कळलं नाही.

देवाशी केलेल्या सौद्यातला एकच भाग मी पाळला. महिन्याभरात दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. नारायणगुड्याच्या दवाखान्यातून पट्टी काढून घरी येताना प्रत्येक झाडाचं पान वेगळं दिसत होतं, आणि आपण एवढी वर्षं किती अदमासावर काढली ह्याची लाज वाटत होती. वाकस विहिरीत टाकला नाही. कुकटपल्लीत विहीर आहे कुठं? सुनेला उलट बोलते, तीही बोलते, आमचं छान चाललंय. फाल्गुनात नात झाली. तिला मी वीतभर चमचा करून दिलाय, जामाचाच, झाडाखाली उभी राहून, पानं हातात धरून फांदी कापून घेतलेल्या लाकडाचा. त्यानं ती खाते कमी, जमीन जास्त ठोकते. टिकाऊपणाची एवढी परीक्षा मारुतीमामांच्या चाटूचीही झाली नसेल.

ह्या वर्षीचं लाकूडही आणून फोडून ठेवलंय. ढलप्या काढते आहे, नात पायाशी बसून त्यांचे ढीग करते आहे, आणि गॅलरीत जामाच्या ओल्या लाकडाचा मंद, जवळजवळ नसलेलाच वास आहे. आता मी प्रत्येक लाकूड आधी नखानं ओरखडून बघते. सुगुणम्मांनाही दाखवते. त्या चष्मा लावून, निवाडा द्यावा तशा मान हलवतात. मग वाकस चालतो. पूर्वीपेक्षा सावकाश चालतो, पण घाव नेमका बसतो.

त्या दिवशीचं एक मात्र सांगायचं राहिलं. सूर्य मावळायच्या आत आम्ही घरी पोचलो. निखिल आणि सौजन्या त्यांच्या खोलीत गेले. हे नेहमीच्या खुर्चीत बसलेले, समोर घडी न मोडलेला सकाळचा पेपर. टेबलावर माझं ते लाकूड आडवं कापलेलं, शेजारी भाजीची सुरी. लाकडाच्या कडेला चार-पाच ठिकाणी बारीक खाचा दिसत होत्या. मी जवळ घेऊन पाहिल्या. सुरीच्या नव्हत्या. दातांच्या होत्या.

मी विचारलं, हे काय?

ते म्हणाले की चीक तर दिसला नाही, पण आठवडाभर ठेवलेल्या लाकडाला कदाचित येत नसेल, असं वाटलं. खात्री कशी करायची? मग थोडं चावून पाहिलं, रस गिळून पाहिला. तुरट लागला, जामाच्या सालीसारखा. लहानपणी जामाच्या काडीनं दात घासायचो, ती चव लक्षात होती. मग फोन केला.

मी समोरची खुर्ची ओढून बसले. "आणि कण्हेर असती म्हणजे?"

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला. "तुम्ही चौघांनी खाल्लंच होतं. मी एकटा मागं राहून काय करणार होतो?"

"तिघं गेलो होतो आम्ही," मी म्हणाले.

"चौघं," ते म्हणाले, आणि पेपर उघडला.